अक्षरामागं सात रुपये

चार बाय सहाचा पत्रा, पांढऱ्या रंगाचे दोन हात,
वर निळ्या पट्टीत मौजे पिंपरणी,
तालुका खटाव, जिल्हा सातारा,
खाली ‘परिसरातील प्रेक्षणीय स्थळे’.
दर ठरला अक्षरामागं सात रुपये.
काना, मात्रा, वेलांटी फुकट.
बाणाचे वेगळे.

मी म्हटलं, बघितल्याशिवाय लिहीत नाही.
खरं तर पट्टी वाळायची होती.

अंकुश फडतरे, सदस्य, वॉर्ड दोन,
मोटरसायकलवर मला मागं घेऊन निघाले.

आधी बारव.
उतरताना सत्तेचाळीस पायऱ्या,
चढताना अठ्ठेचाळीस.
तळाला हिरवं पाणी, रबरी चेंडू, एक कासव.
शिलालेखात कुणीतरी हौसेनं चुना भरलेला.
मी बोटानं अक्षरं चाचपली. वाचता आली नाहीत,
पण एवढं कळलं
की कोरणाऱ्यानं ओळ ऐसपैस सुरू केली
आणि शेवटची चार अक्षरं
एसटीत माणसं कोंबावीत तशी कोंबली.
हे दुखणं मला ठाऊक आहे.
त्या दगडाशी मी जरा जास्तच वेळ थांबलो.

शाळेमागं वीरगळ.
खाली पळवलेल्या गायी, मधे तो लढतोय,
वर अप्सरा त्याला उचलून नेतायत,
त्याहून वर चंद्र-सूर्य, बिनहिशेबी.
कडेला खोल खाच पडलीय
पिढ्यान् पिढ्या विळे पाजळून.
‘धार मात्र झकास लागते,’ फडतरे म्हणाले.
विराची तक्रार दिसली नाही.

गधेगाळ फलकावर नको, तसा ठरावच आहे.
दगड आहे सरपंचबाईंच्या बांधावर,
आणि जमीन लाटणाऱ्याला त्यात जी शिवी कोरलीय
ती सहावीतल्या पोरांनाही
चित्रावरून वाचता येते.

मग तलाव, दुष्काळी कामातला, इंग्रज अमदानीचा.
मग लांबवर वर्धनगड. किती किलोमीटर?
पारावर माणसं चार, आकडे पाच.
मी नुसता बाण धरला.

दिवस कलला. फडतऱ्यांना डेअरीला जायचं होतं.
मी सांडव्याखाली हात धूत बसलो,
टर्पेंटाइनचा वास काही जात नव्हता.
शेळ्यांमागून ठकूबाई आली.
‘काय लिव्हतूयास गावात?’
‘बघण्यासारखं काय काय आहे, ते.’
‘मग ह्ये बघितलंस का?’

काळ्या कातळात ओळीनं एकोणीस खळगे,
कोपरभर खोल, आतून गालासारखे गुळगुळीत.
‘उखळं हायती. तळं खणाय आलेल्या बायांची.
दिसभर माती व्हायची,
रातच्याला मजुरीचं धान कुटायचं.
माज्या सासूच्या सासूची आय हुती त्यांच्यात.
ह्ये तिचं.’
कडेपासून तिसऱ्यात तिनं हात घातला,
पोराचं नाक पुसावं तसा
बुडाचा पाला काढून टाकला.
पाणी निवळलं. दोन शेळ्या प्याल्या.
एक टिटवी लांब उभी, पाळीची वाट बघत.

मी मनात जागा मोजत होतो.
सातवी ओळ, डावीकडून दीड इंच सोडून,
उ, ख, ळ वर अनुस्वार.

‘लिवू नगंस,’ ती म्हणाली, माझ्याकडं न बघताच.
‘लोक येत्याल. चपला घालून हुबं ऱ्हात्याल.
कुरकुऱ्याच्या पिशव्या टाकत्याल ह्यात.
उन्हाळ्यात शेळ्या न्हेऊ कुटं मी?’

दुसऱ्या दिवशी सहा ओळी पुऱ्या केल्या.
बारवेतला ‘ब’ चांगला साधला.
फडतऱ्यांनी लांबून डोकं वाकडं करून पाहिलं:
‘खाली मोकळं ऱ्हायलं की हो, मुलाणी.’
म्हटलं, पत्र्याला श्वास लागतो.

ते हसले, पैसे मोजले,
तीन अक्षरांचे एकवीस कमी.
स्टँडवर जायच्या आधी मी डबा पुन्हा उघडला
आणि त्या मोकळ्या जागेवर
पांढऱ्याचा अजून एक हात मारला,
उन्हात टिकावी म्हणून.